घरचे पोर आणि शाळेचे पोर

अमरावती-अकोल्याकडच्या गावी शाळेत पालकांची सभा भरली की एक बोलणे हमखास कानी पडते. मास्तर म्हणतात, पोरगा द्वाड आहे. माय म्हणते, "घरी तं गाय हाये जी!" मग खोटे कोण बोलते?

वारकरी बंधूंनो, माझ्या मते बहुधा कोणीच नाही. १९८७ साली अमेरिकेत आखेनबाख आदी तिघा संशोधकांनी असे ११९ अभ्यास एकत्र तपासले. पूर्ण मेळ १ धरला, तर आई आणि बाप, किंवा दोन शिक्षक, यांचे मत सरासरी ०.६० इतके जुळले. घरचा एक आणि शाळेचा एक, असे निरनिराळे पाहणारे घेतले की मेळ ०.२८ वर आला. मूल जागेजागी निराळे वागते, हे त्याचे एक मोठे कारण. मास्तरांपुढे वर्गभर पोरे. कोण मारामारी करतो, ते त्यांना लगेच दिसते. रात्री झोपेत दचकणारे पोर मात्र मायच पाहते. मायेच्या डोळ्यांवर पदर असतो हेही खरे, अन् थकलेल्या मास्तराच्या डोळ्यांत राग.

पण एकाच्याच शब्दावरून पोराच्या कपाळी 'द्वाड' असा शिक्का मारणे, हा मला अन्याय वाटतो. मारणारा विसरतो, पोर विसरत नाही. हेच पोर दिंडीत टाळ घेऊन दोन-दोन कोस न कुरकुरता चालते, तेव्हा त्याला काय म्हणाल? बापाने मास्तरांना एवढेच विचारावे, कोणत्या तासाला बिघडते, कोणाशेजारी बसल्यावर? अन् मास्तरांनी विचारावे, सकाळी जेवून येते का?