हलू न देण्याचं पाप

आम्ही सुप्याचे जैन. पारनेरच्या कांद्यावर घरची आडत चालली, पण कांदा उंबऱ्याच्या आत आला नाही. जमीनकंद, एका देहात अनंत जीव. आणि मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणजे दर हिवाळ्यात शेकडो कांद्यांना मुळं फुटू देते आणि ती कापते.

कांदा पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर बसवायचा. मुळं फुटली की काही बाटल्यांत साधं पाणी, काहींत बांधावरच्या कळलावीच्या कंदाचा अर्क. सकाळी टोकं कापून आम्लात मऊ करायची, रंगवायची, काचेवर टिपकागद धरून अंगठ्यानं दाबायची. अंगठा सरकला की पेशी एकमेकींवर चढतात. पोरं तो हमखास सरकवतात.

साध्या पाण्यातल्या मुळात गुणसूत्रं मध्यावर रांगेत येतात, मग दोन टोकांना ओढली जातात. अर्कातल्या मुळात ती आखूड, जाड होऊन पसरून पडलेली. ओढणारे धागे ट्युब्युलिनचे. कळलावीतलं कोल्चिसिन त्यालाच चिकटतं, धागा बनूच देत नाही. १९३८ साली स्वीडनच्या लेवान यांनी कांद्याच्याच मुळांत हे दाखवलं. देवाला वाहतात त्या सदाफुलीतलं विनब्लास्टिनही ट्युब्युलिनलाच धरतं. कर्करोगावर ते कामी येतं ते त्यामुळेच.

पेशी मेलेली नसते. नुसती थांबलेली. याला हिंसा म्हणायचं का?

सामायिकाआधी, म्हणजे ध्यानाला बसण्याआधी, आम्ही इरियावहियं हे क्षमापनेचं सूत्र म्हणतो. जीवांना दुखवण्याचे दहा प्रकार त्यात मोजलेत: लाथाडलं, धुळीनं झाकलं, घाबरवलं, एका जागेवरून दुसरीकडे हलवलं, जिवे मारलं. हलवल्याची क्षमा आहे; हलू न दिल्याची वेगळी नाही. मला वाटतं, उत्तर प्राणांच्या हिशेबात आहे. वनस्पतीसारख्या एकेंद्रियाचे प्राण चार: स्पर्श, कायबल म्हणजे देहाची शक्ती, श्वास, आयुष्य. थांबलेल्या पेशीचा श्वास चालू, आयुष्य चालू. मी घेतलं ते कायबल. अर्थात पेशी म्हणजेच जैन शास्त्रातला जीव, असं मी म्हणत नाही. सूक्ष्मदर्शकात निगोद, म्हणजे एका देहातले ते अनंत जीव, दिसले म्हणणाऱ्यांशी वाद घालायचं मी सोडून दिलंय.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. त्यांना गाऊट आहे, पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजतो. त्यावरची गोळी कोल्चिसिनचीच. सांध्याकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींचे पाय ती बांधते. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते चौविहाराच्या, म्हणजे सूर्यास्ताआधी खाणंपिणं आटोपण्याच्या, गडबडीत होते.

"तुझा कांदा परत साध्या पाण्यात ठेवला तर?"

"बऱ्याच पेशी पुन्हा चालू लागतात, भाऊ. पण विभागणीच राहून गेलेली असते. सोळाच्या जागी बत्तीस गुणसूत्रं, एकाच पेशीत."

"म्हणजे दोघांचं एकात राहून गेलं."

मी हो म्हटलं. सूर्यास्ताला वीस मिनिटं होती. त्यांनी तांब्या पुढे ओढला आणि गोळी घेतली.