मालापेक्षा हमाली जास्त

माणसाचा विश्वास कशावर बसेल आणि कशावरून उडेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं बसलेल्या माणसाचं हे मत आहे, तेव्हा ते अगदीच वाऱ्यावरचं समजू नये. मशीनने दोनदा मोजलेलं नोटांचं बंडल आमचे खातेदार माझ्या डोळ्यांदेखत बोटाला थुंकी लावून तिसऱ्यांदा मोजतात. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नराने सही करून दिलेलं वचनसुद्धा उजेडाकडे धरून पारखतात. आणि हाच चिकित्सक गृहस्थ, कोणा अनोळखी इसमाने फोनवर ‘तुम्हाला पंचवीस लाखांची लॉटरी लागली’ असं म्हटलं, की कधी न काढलेल्या तिकिटाचे पैसे घ्यायला धावत सुटतो!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परग्रहवासी. रविवारी दुपारी टीव्हीवर हिंदीत डब केलेले जे इंग्रजी सिनेमे लागतात, त्यांतल्या निम्म्यांत तरी कुठल्या तरी ग्रहावरचे लोक पृथ्वीवर चाल करून येतात. बिचारे कोट्यवधी मैलांवरून येतात, पण आमच्या घरच्या परीक्षक मंडळापुढे त्यांची डाळ शिजत नाही. बाराव्या मिनिटाला चिरंजीव म्हणतात, “बाबा, हे काही लॉजिकल नाही.” आमच्या सौभाग्यवती भाजी निवडता निवडता विचारतात, “एवढ्या लांबून आले, मग वाटेत जेवले कुठे?” मला हा प्रश्न चिरंजीवांच्या आक्षेपापेक्षा जास्त शास्त्रीय वाटतो.

आक्षेप घ्यायला जागा भरपूर असते, हे मान्य करायलाच हवं. १९९६ साली ‘इंडिपेन्डन्स डे’ नावाचा सिनेमा आला. त्यात नायक आपला लॅपटॉप परग्रहवाल्यांच्या यानाला जोडतो आणि त्यात व्हायरस सोडून त्यांना गारद करतो. आमच्या शाखेत हा प्रसंग कोणालाही पटला नाही. आमचा संगणक पावसाळ्याचे चार महिने आमच्याच मुख्य कार्यालयाच्या संगणकाशी बोलत नाही. ‘लिंक नाही’ ही पाटी पुठ्ठ्यावर लिहून आम्ही कायमची तयार ठेवली आहे. “आपल्या बँकेचा आपल्या बँकेशी जुळत नाही, अन् याचा परग्रहाशी कसा जुळते बाप्पा?” हा आमच्या रोखपालांचा सवाल बिनतोड होता.

२००२ सालच्या ‘साइन्स’मधल्या परग्रहवाल्यांना पाण्याचा थेंब लागला की चटका बसतो. आणि ही मंडळी उतरली कुठे? तर जिच्या पृष्ठभागाचा ७१ टक्के भाग पाण्याखाली आहे त्या पृथ्वीवर! उतरण्यापूर्वी जरा खाली डोकवायला काय झालं होतं? आमचा भंडारा तलावांचा जिल्हा. इथे सोयरीक जमवायला येणारा माणूससुद्धा विहिरीला पाणी किती, हे आधी विचारून घेतो.

त्यामानाने एच. जी. वेल्स हा इंग्रज लेखक हुशार. १८९८ साली त्याने मंगळावरच्या स्वारीची कादंबरी लिहिली. तीत तोफांनी जे हरत नाहीत ते मंगळवाले शेवटी आपल्याकडच्या साध्या जंतूंनी मरतात. हे मात्र मला तंतोतंत पटतं. धानाच्या बांधीलगत आषाढातली एक रात्र मच्छरदाणीशिवाय काढलेल्या कोणालाही पटेल. आणि जंतूंतून वाचलेच तर पुढे नवतपा आहेच. धातूचा पोशाख घालून मे महिन्यात दुपारी दोन वाजता भंडाऱ्याच्या बसस्टँडवर उभं राहून दाखवावं. शस्त्रं न मागताच खाली ठेवतील.

मी कॉमर्सचा माणूस. माझा आक्षेप वेगळा आहे, तो वाहतूक खर्चाचा. व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली पृथ्वीवरून निघालं. ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने धावतं आहे. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२ प्रकाशवर्षांवर. या वेगाने तिथे पोचायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. परग्रहवाल्यांची गाडी आपल्यापेक्षा हजारपट जलद आहे असं धरलं तरी एका खेपेला ७५ वर्षं. म्हणजे निघताना कारकून असलेला माणूस पोचण्याआधीच निवृत्त होणार. बरं, न्यायचं काय? सिनेमात बहुधा पाणी. पण आपल्याच सूर्यमालेत गुरूचा युरोपा नावाचा चंद्र आहे. त्याच्या बर्फाखाली पृथ्वीवरल्या सगळ्या समुद्रांहून जास्त पाणी असावं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ते बिनमालकीचं पाणी सोडून, जिथे लोक तोफा घेऊन उभे आहेत तिथेच बादली बुडवायची? मालापेक्षा हमाली जास्त! तुमसरच्या बाजारातला नवशिका अडत्यासुद्धा असला व्यवहार करणार नाही.

आणखी एक गोष्ट. ही यानं उतरतात ती नेमकी न्यूयॉर्कला किंवा वॉशिंग्टनला. आकाशाला एवढा भूगोल येत असेल असं वाटत नाही. आकाशातून खरंच काही पडलं तर ते कुठे पडतं, याचा दाखला आमच्या शेजारी आहे. पवनीहून दक्षिणेला गेलं की नागभीड, आणि त्याच्या पुढे चंद्रपूर जिल्ह्यातला सिंदेवाही तालुका. २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ, दिवस गुढीपाडव्याचा. विदर्भातल्या कित्येक गावांतून लोकांनी आकाशात जळत जाणारे गोळे पाहिले. आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक प्रचंड कडं येऊन पडलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. पवनपार गावाकडे एक गोळाही सापडला. सकाळी आपण काठीवर तांब्या पालथा घालून आकाशाला दाखवावा आणि संध्याकाळी आकाशाने परतीचा आहेर धाडावा, असा तो योग होता.

पुढे काय झालं, ते सिनेमावाल्यांनी मुद्दाम अभ्यासावं. रणगाडे आले नाहीत. राष्ट्राध्यक्षांचं भाषण झालं नाही. पोलीस आले, महसूल खात्याची माणसं आली, आणि ते कडं सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात जमा झालं. नंतर इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तपासून गेले. चीनच्या लाँग मार्च जातीच्या अग्निबाणाचा तो तुकडा असावा, असं जाणकारांचं मत पडलं. आकाशातून पडलेला मालही बेवारस नसतो. १९७२ सालचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. ज्या देशाने यान सोडलं त्याने जमिनीवरचं नुकसान भरून द्यायचं, असं त्यात लिहिलं आहे. खरा वास्तववाद म्हणतात तो हा. उद्या लाखनीच्या शेतात खरोखरची तबकडी उतरली, तर पहिला संवाद ‘पृथ्वीवासीयांनो, शरण या’ हा नसेल. ‘गट नंबर कोणता? पीक कोणतं होतं? दोन पंच बोलवा’ हा असेल. ज्या सिनेमात पंचनामा नाही, तो मला खरा वाटत नाही.

पण इतके सगळे आक्षेप घेऊनही आपण सिनेमा शेवटपर्यंत बघतो, त्याचं काय? याचं उत्तर आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत आहे. धान निघालं की आमच्याकडे रात्ररात्र नाटकं चालतात. गावोगावचे पाहुणे येऊन बसतात. मंचावर आत्ताच मेलेला माणूस पुढच्या प्रवेशात गाणं म्हणायला उभा राहिला, तर कोणी हरकत घेत नाही. उलट ‘वन्स मोअर’ मिळतो. पण आईशी मुलगा काही कारण नसताना उर्मट बोलला, तर मागल्या रांगेतून लगेच आवाज येतो, “असं कुठं असते का भाऊ?” प्रेक्षक दिव्यांना, पडद्यांना, तबकड्यांना सगळी सूट देतो. सूट देत नाही ती माणसाच्या वागण्याला. अ‍ॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रात थोडंफार हेच म्हटलं आहे; घडू न शकणारं पण पटणारं चालेल, घडू शकणारं पण न पटणारं नको. त्याने झाडीपट्टीचं नाटक पाहिलं नव्हतं, तरी बरोबर म्हटलं.

इथेच मला एक प्रश्न खटकायला लागतो. परग्रहवाल्यांच्या यानावर, भाषेवर, जेवणावर, संगणकावर आपण शंका घेतो. पण ते आल्या आल्या आपल्याला मारायला का लागतात, अशी शंका आजवर कोणी घेतलेली मी ऐकली नाही. ना चिरंजीवांनी, ना रोखपालांनी. जो बलवान आहे, ज्याच्याकडे पुढचं यंत्र आहे, तो आला की लुटणारच, हे आपल्याला इतकं पटलेलं आहे की त्याला पुरावा लागत नाही. सबंध सिनेमात जर कोणती गोष्ट ‘लॉजिकल’ ठरत असेल तर ती हीच! हा शेरा परग्रहवाल्यांवर नाही. त्यांना आपण पाहिलेलंच नाही. आपण पाहिलं आहे ते एकमेकांना.

आमच्या भागापुरतं बोलायचं तर १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता. १८५४ साली लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केलं. भंडारा त्याच राज्यातला. आकाश फाटलं नाही, किरणं सुटली नाहीत, कागद आला. राजवाड्यातले हत्ती-घोडे आणि जडजवाहीर लिलावात निघालं. माझा हमालीचा हिशेब इथे सपशेल कोसळतो, कारण या मंडळींची युक्तीच और होती. माल आपल्या खात्यात जमा करायचा आणि हमाली लुटलेल्याच्याच नावे टाकायची! असा जमाखर्च जमला की कितीही लांबून आलेलं परवडतं. वेल्सला हे ठाऊक होतं. मंगळवाल्यांना दुष्ट ठरवण्यापूर्वी आपल्या लोकांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं काय केलं ते आठवा, असं त्याने पहिल्याच प्रकरणात स्वकीयांना बजावलं आहे.

आणि गोऱ्यांच्या माथी सगळं मारून मोकळं होता येत असतं तर किती बरं झालं असतं! आमच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधींनी त्याचा पाया घातला. पाणी हवं होतं, यात वाद नाही. शेताला लागतं, शहराला लागतं. पण ज्यांची गावं त्या पाण्याखाली गेली, त्यांच्यापुढे तबकडी उतरली नव्हती. मोजणीची टेप आणि नकाशा घेऊन माणसं आली होती, आणि ती आपलीच भाषा बोलत होती. अशा गावातले एक म्हातारे काका एकदा माझ्या काउंटरवर आले. मोबदल्याची रक्कम खात्यात जमा झाली होती. पासबुक छापून दिलं. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “साहेब, याच्यात आंबा किती, अन् विहीर किती?” मी स्क्रीनकडे पाहिलं. तिथे एकच आकडा होता. आंब्याचा रकाना आमच्याकडे नसतो. ते काही रागावले नाहीत. पासबुक पिशवीत ठेवून “बरं” म्हणाले आणि गेले. सिनेमातला कोणताही स्फोट त्या ‘बरं’इतका मोठा मी ऐकलेला नाही.

आता दुसरी बाजू पाहा. सत्यजित रायांनी १९६२ साली एक गोष्ट लिहिली. तीत बंगालमधल्या एका खेड्यात परग्रहवासी उतरतो, आणि सगळे ज्याची टिंगल करतात अशा एका गरीब मास्तरांशी त्याची दोस्ती होते. पुढे परग्रहवाशावर रायांनी एक पटकथाही लिहिली. तो सिनेमा कधी निघाला नाही. २००३ साली ‘कोई... मिल गया’मध्ये जादू नावाचा परग्रहवासी आला. तोही भला, कोणाला न लुटता परत गेला. या दोन्ही गोष्टींना आपण काय म्हणतो? ‘मुलांसाठी छान आहे.’ म्हणजे मारायला आला तर तो मोठ्यांचा सिनेमा, आणि मैत्री करायला आला तर बालवाङ्मय! दुष्टपणाला आपण बिनतारण कर्ज देतो. चांगुलपणाला मात्र दोन जामीनदार मागतो.

माझा धंदा विश्वासाचा आहे, पण माझं काम अविश्वासाचं. सही जुळते का, फोटो जुळतो का, पत्त्याचा पुरावा कुठे आहे, हे पाहण्यासाठी मला पगार मिळतो. तेव्हा उद्या कोणी खरोखरच वरून उतरला आणि म्हणाला, ‘मला काही नको, सहज भेटायला आलो,’ तर मीही चष्म्यावरून बघून त्याच्याकडे आधार कार्ड मागीन, यात शंका नाही. पण एवढंही कळतं, की त्याच्यावर विश्वास बसत नाही यात त्याचा दोष नाही. ज्या वागण्याची आपल्याला सवय, तेच आपल्याला खरं वाटतं. तबकड्या सुधारून सिनेमा खरा होईल, पण माणूस आहे तिथेच राहील.

मला असा सिनेमा हवा आहे, जो बघताना एखादं शेंबडं पोर थेटरात उभं राहून ओरडेल, “पण हे लोक आपल्याला मारतात कायले? असं कुठं असते का भाऊ?” आणि त्याच्या बापाला उत्तर सुचणार नाही. त्या दिवशी परग्रहाच्या स्वाऱ्यांचे सगळे सिनेमे साफ आपटतील. निर्मात्यांना कर्ज कोणत्याही बँकेने दिलेलं असो, बुडालं तरी मला चालेल.