आपलेच दांत, आपलेच ओंठ

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या एका विद्यार्थ्याला रात्रीं इस्पितळांत न्यावें लागलें. जखम त्यानें स्वतःच करून घेतली होती. आईबाप दूर गांवीं. म्हणून वसतिगृहांतील मुलें मला बोलावून घेऊन गेलीं. टांके घालणारे तरुण डॉक्टर हातानें काम करीत होते आणि तोंडानें म्हणत होते, "स्वतःच करून घेतलेंस ना? मग आतां सोस कीं!" मुलगा कांहीं बोलला नाहीं. मीहि बोललों नाहीं. खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं डॉक्टरांचें म्हणणें मला फारसें अनुचित वाटलें नव्हतें. त्या माझ्या मौनाची टोंचणी अजून गेलेली नाहीं, आणि प्रस्तुत लेखाचें कारणहि तेंच.

"करावें तसें भरावें" ही म्हण आपल्या मनांत इतकी मुरलेली आहे कीं, ती लागू कोठें पडते आणि कोठें पडत नाहीं, हें आपण तपासून पाहत नाहीं. प्रश्न असा आहे : ज्यानें आपली वेदना आपणच ओढवून घेतली, त्याचा शुश्रूषेवरील हक्क कमी होतो काय?

वैद्यकाचा नित्याचा व्यवहार पाहिला तर उत्तर सोपें आहे. जन्मभर तंबाखू खाल्लेल्याला, मद्य पिऊन जिन्यावरून पडलेल्याला, भरधाव गाडी हांकून हाड मोडून घेतलेल्याला आपण उपचार देतोंच. आधीं दोष ठरवून मग औषध देत नाहीं. मग ह्या एकाच रुग्णापाशीं आपली करुणा कां अडखळते? कोणी म्हणेल, इतरांनीं केला तो निष्काळजीपणा, ह्यानें केलें तें हेतुपूर्वक. परंतु तो हेतु हेंच तर दुखण्याचें लक्षण! अशा प्रत्येक जखमेमागें मरणाची इच्छा असते असें नाहीं. पुष्कळांना मनाची असह्य कळ क्षणभर तरी सुसह्य करावयाची असते. म्हणून ती क्षुल्लक मात्र नव्हे. कारण अशा व्यक्तीला पुढें आत्महत्येचा धोका इतरांहून पुष्कळ अधिक असतो.

शिवाय, शिक्षा करावयाची ती कोणाला? अपराधी निराळा आणि पीडित निराळा असेल, तर एकाला ताडन करून दुसऱ्याला न्याय देतां येतो. येथें आपलेच दांत आणि आपलेच ओंठ. ओंठाची कींव येऊन कोणी दांतांवर प्रहार करूं लागला, तर रक्त पुन्हां ओंठांतूनच येणार.

ही साधी गोष्ट कायद्याला उमगावयास फार काळ लागला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमान्वयें आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊं शकत असे. मुंबई उच्च न्यायालयानें १९८६ सालीं तें कलम घटनाबाह्य ठरविलें. १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तसाच निर्णय दिला, परंतु १९९६ सालीं तो फिरविला. पुढें २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें असें मानलें कीं, असा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं असतो आणि त्याला उपचार व पुनर्वसन देणें हें सरकारचें कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत तर तें जुनें कलम उरलेंच नाहीं. कायद्यानें दंड खालीं ठेवला. आपल्या जिभेनें तो अजून ठेवला आहे काय?

जिभेचाच दंड कधीं हातांतहि उतरतो. इंग्लंडांतील 'नाइस' ह्या आरोग्यसंस्थेनें २००४ सालीं काढलेल्या मार्गदर्शनांत, अशा रुग्णाला टांके घालतांना पुरेसें बधिरीकरण द्यावें, असें मुद्दाम नमूद केलें. जी गोष्ट सांगावी लागूं नये ती लिहून ठेवावी लागते, ह्यांतच सर्व आलें. त्याच संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार, धोक्याचे गुण मांडणाऱ्या तक्त्यांवरून कोणाला उपचार द्यावे हें ठरवूं नये. त्या मनुष्याची गरज काय, तें त्याच्याशीं बोलून जाणावें.

ह्यावर नेहमींचा आक्षेप असा कीं, फार गोंजारलें तर संवय लागेल. हें सारें लक्ष वेधून घेण्यासाठीं असतें. पण भुकेलें मूल रडलें, तर तें अन्नासाठीं रडतें म्हणून आपण त्याला उपाशी ठेवतों काय? अनुभवहि आक्षेपाच्या उलट आहे. जेरोम मोटो ह्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मनोविकारतज्ज्ञानें, इस्पितळांतून घरीं गेलेल्या व पुढील उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांचे दोन गट केले आणि एका गटाला पांच वर्षें अधूनमधून छोटीं पत्रें पाठविलीं. पत्रांत मागणें कांहीं नव्हतें, केवळ आठवण होती. त्या गटांत आत्महत्या कमी झाल्या, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत. जागतिक आरोग्य संघटनेनें चेन्नई व कोलंबोसह पांच देशांत आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आलेल्या १,८६७ रुग्णांवर केलेला प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. नेहमींच्या उपचारांवरच सोडलेल्यांपैकीं दीड वर्षांत शेंकडा २.२ जणांनीं आत्महत्या केली. ज्यांच्याशीं नीट बोलून पुढें फोननें वा भेटीनें नियमित विचारपूस केली, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ०.२ होतें.

त्या तरुण डॉक्टरांविषयीं माझ्या मनांत राग नाहीं. बाहेर रुग्णांची रांग होती. एखाद्याला वांचवितां वांचवितां हात थकलेले असतां, दुसरा आपण होऊन जखमी होऊन आला म्हणजे चीड येणें मनुष्यस्वभावाला धरून आहे. परंतु चीड येणें निराळें आणि ती रुग्णावर काढणें निराळें. आणि मी तर थकलेलाहि नव्हतों.

टांके झाल्यावर एक वयस्क परिचारिका जवळ आली आणि त्या मुलाला म्हणाली, "जेवलास का रे?" इतका वेळ कोरडे असलेले त्याचे डोळे तेव्हां भरून आले. पहांटेपर्यंत तो बोलत होता, आणि मी प्रथमच ऐकत होतों. पुढें तो रीतसर उपचार घेऊं लागला, आणि त्याच्याबरोबर मीहि तीन-चारदां गेलों. जो प्रश्न मीं वर्षभर वर्गांत त्याच्यासमोर उभा असतां एकदांहि विचारला नव्हता, तो तिनें पहिल्या भेटींत विचारला. असें कां केलेंस, हें विचारण्याचा अधिकार कोणाला असलाच, तर तो असा प्रश्न आधीं विचारणाऱ्यालाच आहे.