बहिणीची सही, बहिणीचा हिस्सा

पवित्र कुरआनवर श्रद्धा असणारा समाज कुरआनने ठरवून दिलेला हिस्सा नाकारू शकतो काय? १८४७ साली मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात हा प्रश्न उभा राहिला. खोजा व कच्छी मेमन कुटुंबांतील मुलींनी शरीअतप्रमाणे वारसा मागितला. समोरचा पक्षही मुस्लिमच होता. त्याचे म्हणणे होते की, आमच्या जमातीत मुलींना वारसा देण्याची रूढी नाही. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी रूढी ग्राह्य धरली आणि मुली हरल्या.

न्यायमूर्तींच्या इंग्लंडमध्ये त्या काळी मृत्युपत्र नसल्यास जमीन थोरल्या मुलाकडे जाई. तो नियम १९२५ च्या कायद्याने संपला. तेव्हा त्यांच्या निकालाचे नवल नाही. नवल याचे की, श्रद्धावंतांनीच रूढीचा आसरा घेतला.

उहुदच्या युद्धात हजरत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले, तेव्हा त्यांच्या भावाने सर्व मालमत्ता ताब्यात घेतली. त्यांची पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. त्यानंतर वारशाचा आदेश अवतरला. प्रेषितांनी (स.) त्या भावाला बोलावून मुलींना दोनतृतीयांश व पत्नीला एक अष्टमांश द्यायला लावले, उरलेले त्याला मिळाले. तेथेही आड आली होती ती रूढीच.

आपल्या देशात १९३७ च्या शरीअत कायद्याने वारशाच्या बाबतीत रूढी बाजूला सारली. मात्र त्याच्या शब्दांतून शेतजमीन वगळली गेली. आज कोर्टात रूढी सांगण्याची गरजही उरलेली नाही. हक्कसोडपत्रावर बहिणीची एक सही पुरते.

घोडबंदर रस्ता आणि नाशिक महामार्ग जेथे मिळतात, त्या माजिवड्याकडे पाहा. जेथे गाव होते तेथे उंच इमारती उभ्या आहेत. गुंठ्या-गुंठ्याला मोल आले आहे. अशा वेळी घराघरांतून ऐकू येते, “ताईने राजीखुशीने सोडले.”

येथेच खरा नैतिक प्रश्न आहे. वारसाने आपला हिस्सा स्वखुशीने सोडणे शरीअतला मान्य आहे. परंतु नकार दिला तर माहेरचे दार बंद होईल, ईदला भाऊ येणार नाही, लोक तिला लोभी म्हणतील, या भीतीने दिलेली संमती राजीखुशीची कशी? ‘लग्नात खर्च केला’ हे उत्तरही टिकत नाही. लग्नाचा खर्च वडिलांनी हयातीत केला; वारसा त्यांच्या मृत्यूनंतर अल्लाहने ठरवला आहे. तो भावाने केलेला उपकार नव्हे.

राजीखुशीची कसोटी सोपी आहे. प्रथम हिस्सा मोजून बहिणीच्या नावावर व ताब्यात द्यावा. त्यानंतर तिने तो ठेवावा, विकावा किंवा भावाला भेट द्यावा. ती तिची मर्जी. हातात न आलेली वस्तू सोडायला लावणे आणि हातात आलेली वस्तू देणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

सूरह अन्-निसामध्ये वारशाच्या नियमांना अल्लाहच्या मर्यादा म्हटले आहे. सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात सही खरी की खोटी एवढेच तपासले जाते. ती कोणत्या मनाने झाली, याचा हिशेब आखिरतमध्ये होईल. तो बहिणीला नव्हे, भावाला द्यावा लागेल.