शांतीची कृती आणि कर्त्याचे माझेपण

निरनिराळ्या धर्मांचे लोक एका स्थळी जमून शांतीसाठी एखादी कलाकृती घडवितात, तेव्हा त्यातून शांती घडते की शांतीचे केवळ चिन्ह घडते, हा प्रश्न विचारार्ह आहे. कागद दुमडल्याने शस्त्र म्यान होत नाही आणि पाण्यात दिवा सोडल्याने मनातील द्वेष वाहून जात नाही. मग या कृतीचे प्रयोजन काय? शिवाय ज्याची निष्ठा एके ठायी स्थिरावली आहे, अशा साधकाने परधर्मीयांसह या कामी हात लावणे उचित होईल काय?

या दोन्ही शंकांचा विचार जपानमधील हिरोशिमा नगरीच्या आधारे करता येतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठच्या सुमारास त्या नगरीवर अणुबाँब पडला, तेव्हा सादाको सासाकी ही मुलगी दोन वर्षांची होती. पुढे १९५५ साली तिला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. कागदाचे हजार क्रौंच पक्षी करणाऱ्याची इच्छा पूर्ण होते, असा त्या देशात समज आहे. रुग्णालयातील औषधांच्या पुड्यांचे कागदही जपून ठेवून ती पक्षी करीत राहिली. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी, ती निवर्तली. तिच्या वर्गमित्रांनी आरंभिलेल्या प्रयत्नांतून ५ मे १९५८ रोजी तेथील शांती उद्यानात बालकांचे स्मारक उभे राहिले. आता जगभरातून दरवर्षी सुमारे एक कोटी कागदी पक्षी तेथे येतात.

त्याच उद्यानात एक मृत्तिकेचा उंचवटा आहे. ओळख न पटलेल्या सुमारे ७०,००० मृतांची रक्षा त्याच्या पोटात आहे. ६ ऑगस्टच्या पहाटे बौद्ध, शिंतो व ख्रिस्ती धर्मोपदेशक त्यासमोर जमतात आणि आपापल्या विधीने प्रार्थना करतात. सायंकाळी सर्व प्रकारचे लोक रंगीत कागदावर आपली प्रार्थना लिहितात, त्या कागदाचे दीप करून मोतोयासु नदीत सोडतात.

आता निष्ठेच्या शंकेचा निर्णय पाहू. त्या उंचवट्यासमोर कोणी दुसऱ्याचा विधी उचलीत नाही व आपला सोडीत नाही. एकत्र येते ते दुःखितांविषयीचे कारुण्य, आणि कारुण्याला आराध्याची वाटणी करावी लागत नाही. पक्षी दुमडणारा हात कोणाची पूजा करीत नाही. म्हणून स्वनिष्ठेला धक्का न लावता साधकाला या कामी सहभागी होता येते. उलट, दुसऱ्याच्या शेजारी बसल्याने जी निष्ठा डळमळते, ती मुळातच दृढ नव्हती असे म्हणावे लागेल.

फळाची शंका याहून कठीण आहे. सादाकोची इच्छा फळली नाही. १ ऑगस्ट २००३ रोजी एका विद्यार्थ्याने त्या स्मारकापाशी आग लावली व सुमारे १,४०,००० पक्षी जळून गेले. कृतीचे मोल वस्तूतच असते, तर ते त्या रात्री भस्म झाले असते. परंतु लोकांनी पुन्हा पक्षी करून धाडले. यावरून असे दिसते की, पक्षी करणाऱ्याला जे लाभले ते पक्ष्यात ठेवलेले नव्हते. कोट्यवधींच्या राशीत आपला पक्षी कोणता, हे कोणी सांगू शकत नाही. आपण केलेले आपले म्हणून न राखता सोडून देणे, हाच या कृतीतील अभ्यास आहे. तो घडला तर वस्तू जळूनही कृती सफल होते.

आणि तो न घडला तर? याचेही उत्तर त्याच नगरीत आहे. अणुबाँबने सहस्रावधी कोरियन लोकही मृत्यू पावले. त्यांचे स्मारक १९७० साली उभारले गेले, ते उद्यानाच्या बाहेर. आत नव्या स्मारकास जागा नाही, असे कारण सांगण्यात आले. कोरियनांना मात्र मरणानंतरही आपल्याला वेगळे ठेवले असेच वाटले. ते स्मारक उद्यानात येण्यास १९९९ साल उजाडले. मधल्या एकोणतीस वर्षांत किती पक्षी आले आणि किती दीप नदीतून वाहून गेले! हात शांतीचे चिन्ह घडवीत होते, आणि ‘आमचे मृत’ व ‘त्यांचे मृत’ हा भेद मात्र तसाच उभा होता.

तात्पर्य, अशा कृतीची परीक्षा सभेच्या स्थळी होत नाही. परधर्मीयासह दीप सोडून घरी परतलेला मनुष्य गावातील त्याच धर्माच्या शेजाऱ्याला, ज्याच्याशी बांधावरून वा पाणवठ्यावरून त्याचे वैर आहे, कसा बोलतो, तेथे ती होते. तेथे माझेपण थोडे जरी उणे झाले, तरी कागद दुमडण्याचे श्रम वाया गेले नाहीत असे समजावे.