सहावा पाहुणा

परळच्या एका पंचतारांकित हॉटेलात अगदी वरच्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडले की समोर काचेचे दार लागते. दाराशी टेबल आणि टेबलामागे एक मुलगी. गेल्या हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी मी, माझी बायको आणि माझा भाचा त्या दारासमोर उभे होतो. भाच्याने कार्ड दाखवले. मुलीने संगणकात पाहिले, हसून त्याचे स्वागत केले आणि मग आम्हा दोघांकडे पाहत म्हणाली, "सर, तुमच्यासोबत एक पाहुणा येऊ शकतो. दुसऱ्यांचे पैसे भरावे लागतील." तिने सांगितलेला आकडा ऐकून माझी बायको दोन पावले मागे सरकली. तेवढ्यात आमच्या घरी आठवड्याचा बाजार येतो.

भाच्याने मला बाजूला घेतले. "मामू, जरा थांबा. मी मामीला आत बसवतो. तासाभराने हिची ड्यूटी बदलते. मग खाली येऊन तुम्हाला नेतो. नवीन माणसाला सांगेन, माझ्याबरोबर एकच पाहुणा आहे. यात खोटं काय? एका वेळी एकच तर नेतोय."

मी म्हणालो, "तुम्ही दोघं जा. मी खाली बसतो. मला चहाची तशी गरज नाही." आणि उतरलो. तळमजल्यावरच्या गुबगुबीत खुर्चीत मी तासभर बसलो होतो. पुढे लिहिले आहे ते त्या तासाभरात डोक्यात आलेले, आणि नंतर घरी बसून किताबांत शोधलेले.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. लहानपणीच त्याचे अब्बा गेले आणि तो आमच्या माझगावच्या घरात वाढला. आता पुण्यात असतो, एका औषध कंपनीत आहे आणि वर्षातल्या कितीतरी रात्री हैदराबाद, अहमदाबाद, मुंबई अशा हॉटेलांत काढतो. या मोठ्या साखळी-हॉटेलांची एक पद्धत आहे. तुम्ही त्यांच्याकडे किती रात्री राहिलात याची ते मोजदाद ठेवतात आणि त्या मोजदादीवर तुमचा दर्जा ठरवतात. हा प्रकार फार जुना नाही. 1981 सालच्या 1 मे रोजी अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांचे मैल मोजायला सुरुवात केली आणि दोनच वर्षांत, 1983 मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी तेच हॉटेलांत आणले. आज मॅरियटच्या योजनेत वर्षाला 50 रात्री भरल्या की प्लॅटिनम दर्जा मिळतो, आणि असे खास दालन असलेल्या बहुतेक हॉटेलांत त्या सभासदाला स्वतःबरोबर एक पाहुणा आत नेता येतो. इतरांच्या योजनाही थोड्याफार फरकाने अशाच. या दालनाला लाउंज म्हणतात. सकाळी नाश्ता, दिवसभर चहा-कॉफी, संध्याकाळी दोनेक तास खाणे आणि पिणे. त्यातले पिणे आमच्या भाच्याच्या उपयोगाचे नाही, म्हणजे त्याच्या दर्जाचा निम्मा नफा तसाच वाया जातो, असे तो स्वतःच हसून सांगतो.

या सगळ्याला इंग्रजीत 'लॉयल्टी' म्हणतात. आपल्याकडची वफा शेकडो वर्षे शायरांना रडवीत आली, कारण तिचे माप कुणाला सापडले नाही. इथे ते सापडले आहे. पन्नास रात्री.

पण या पन्नास रात्रींचे पैसे कुणी दिले? भाच्याने नाही, त्याच्या कंपनीने. मी आयुष्यभर फोर्टमधल्या एका कार्यालयात हिशेब तपासले, त्यातही जास्त करून प्रवासभत्त्याची बिले. त्यामुळे हा प्रश्न मला इतरांपेक्षा लवकर सुचतो. आणि तो सुचला की जी हदीस आठवते ती बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. पैगंबरांनी (स.) अज्द कबिल्यातल्या एका माणसाला जकात गोळा करायला पाठवले. तो परत आला आणि म्हणाला, हे तुमचे आणि हे मला भेट म्हणून मिळाले. पैगंबर (स.) मिंबरवर उभे राहिले आणि सर्वांसमोर त्यांनी विचारले की हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट तिथे आली असती का? मला वाटते, लाच, भेट, बक्षीस, सवलत यांच्यातला फरक ओळखायची इतकी सोपी कसोटी दुसरी नसेल. आमचा भाचा कोंढव्यात घरी बसला असता तर त्या मुलीने त्याचे नाव घेऊन स्वागत केले असते का?

भाच्यावर मात्र अन्याय नको. तो जकात गोळा करीत नाही. त्याचा मालक खासगी आहे, आणि नोकरांनी हे गुण स्वतःकडे ठेवावेत हे मालकाला माहीत असते आणि चालतेही. देणाऱ्याने जाणून दिले तर ते घेणाऱ्याचे झाले. शिवाय त्या पन्नास रात्री झोपला कोण? अनोळखी उशीवर डोके ठेवून, मुलीशी फोनवर बोलून झोपलेला माणूस कंपनी नव्हे, तो होता. अमेरिकेत सरकारी नोकरांना हे मैल स्वतःसाठी वापरायला मनाई होती. 2001 च्या डिसेंबरात कायदा करून ती उठवली गेली, आणि मला तरी त्यात गैर वाटत नाही. उलट जर्मनीत पुढच्याच वर्षी, 2002 च्या जुलैत, संसदेचे सभासद म्हणून केलेल्या प्रवासाचे मैल खासगी कामाला वापरल्याबद्दल दोन नामवंत राजकारण्यांना पदे सोडावी लागली. एक ग्रेगोर गिझी. दुसरे चेम ओझदेमिर, तुर्की मजुराच्या घरात जन्मलेले ग्रीन पक्षाचे खासदार. ओझदेमिर यांच्या बाबतीत एका जनसंपर्क सल्लागाराकडून घेतलेले कर्जही निघाले होते, पण लोकांच्या लक्षात राहिले ते मैल. आपल्याकडे केंद्र सरकारचाही दंडक आहे की सरकारी तिकिटावर मिळालेले मैल सरकारी प्रवासालाच वापरायचे. म्हणजे जनतेचा पैसा असेल तर एक न्याय आणि खासगी मालकाचा असेल तर दुसरा. इथपर्यंत माझी काही हरकत नव्हती.

पण हॉटेलकडे जाताना टॅक्सीत भाच्याने मामीला एक गोष्ट सांगितली होती, अगदी गंमत म्हणून. आदल्या डिसेंबरात त्याच्या दोन रात्री कमी पडत होत्या. दर्जा जाणार होता. मग त्याने मुंबईचे काम दोन दिवस लांबवले, रात्री भरल्या आणि कार्ड वाचले. "शेवटच्या क्षणी वाचवलं, मामी!" मामी हसली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. त्याची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

इथे 'मालकाला माहीत आहे' हा आधार सुटतो. या दोन रात्री मालकाच्या कामासाठी नव्हत्या, घरासाठी तर नव्हत्याच. त्या कार्डासाठी होत्या. जकातवाल्याला निदान कुणीतरी भेट दिली होती. याने ती भेट मिळावी म्हणून दौराच लांबवला. सवलतीची खरी करामत मला इथे दिसते. ती आधी कामामागून येते आणि मग कधीतरी कामाच्या पुढे चालू लागते.

आता दारावरची गोष्ट. तिच्यासाठी दुसरी हदीस आहे, आणि ती मला पहिलीपेक्षाही प्रिय आहे. मदिनेत अबू शुऐब नावाचे एक अन्सारी होते. पैगंबरांच्या (स.) चेहऱ्यावर त्यांना भूक दिसली, म्हणून त्यांनी आपल्या खाटिकाकाम करणाऱ्या गुलामाला पाच जणांचे जेवण करायला सांगितले आणि चौघांसह त्यांना बोलावले. वाटेत आणखी एक माणूस मागे मागे आला. दाराशी पोहोचल्यावर पैगंबरांनी (स.) यजमानाला सांगितले की हा आमच्यामागून आला आहे, तुमची मर्जी असेल तर आत घ्या, नसेल तर तो परत जाईल. अबू शुऐबनी इजाजत दिली.

किती साधी गोष्ट. पैगंबरांनी (स.) सोबत आणले म्हटल्यावर सहाव्याला अडवायची कुणाची छाती झाली असती? तरी त्यांनी विचारले, आणि अशा रीतीने विचारले की नाही म्हणायची वाटही यजमानाला मोकळी राहिली. सहाव्या माणसाला त्यांनी वाटेत हटकले नाही, की गर्दीत मिसळून आत ढकललेही नाही.

खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या लक्षात आले की सहावा माणूस मी आहे. आणि हेही लक्षात आले की आम्हा दोघांपैकी कुणीच विचारले नव्हते. भाच्याने युक्ती काढली, मी सोवळेपणाने खाली उतरलो. "हे माझे मामू आहेत, यांनीच मला वाढवलं, घेता का आत?" असे त्या मुलीला सरळ विचारणे दोघांनाही सुचले नाही. मला का सुचले नाही हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मला नकार ऐकायचा नव्हता. मी त्याला सचोटी समजत होतो, पण त्यात निम्मा ताठा होता.

पण समजा विचारले असते, तर कुणाला? त्या मुलीला? ती पगारी, आणि कदाचित माझ्यासारख्याच एखाद्या चाळीतल्या घरातली. मॅनेजरला? तो नियम दाखवणार. साखळीची मालकी हजारो भागधारकांची, आणि नियम समुद्रापलीकडे ठरलेले. त्या दालनात पाहुणेच पाहुणे आहेत, यजमान मात्र सापडत नाही. भाचा मला बोलावतो, पण तो स्वतःच पाहुणा. मग दावत कुणाची? ज्या घराला यजमान नाही तिथे इजाजत मागता येत नाही. उरतात दोनच गोष्टी, नियम आणि दर.

फिकहच्या किताबांत पाहुण्याच्या हक्काची बारीक चर्चा आहे. पुढ्यात ठेवलेले अन्न पाहुण्याच्या मालकीचे होत नाही. त्याला फक्त खायची मुभा असते, तिला इबाहत म्हणतात. म्हणून ते त्याने घरी नेऊ नये, यजमानाची मर्जी नसेल तर दाराशी आलेल्या भिकाऱ्याला किंवा मांजरालाही देऊ नये. लहानपणी मदरशात हे ऐकले तेव्हा मला तो कंजूषपणा वाटला होता. पण त्यामागे एक जाण आहे. दुसऱ्याच्या दस्तरखानावर बसून आपण दानशूर व्हायचे नसते. भाच्याची दावत मला नेमकी तिथे खटकत होती, आणि त्याचे प्रेम खोटे नव्हते म्हणून जास्तच खटकत होती. त्याला मला काहीतरी द्यायचे होते. त्याच्या हाताशी होते ते हे कार्ड.

आमचे अब्बा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. लालबागचा एक साचेवाला त्यांचा दोस्त. घर गावाला असलेले कामगार तेव्हा खानावळीत जेवायचे, आणि लालबाग-परळमधल्या कितीतरी खानावळी बायका आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत चालवायच्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले ते याच बायकांना. अशाच एका खानावळीत तो दोस्त अब्बांना एकदा घेऊन गेला. तिथेही पाहुण्याचे ताट मोजले जायचे, वहीत दोस्ताच्या नावापुढे लिहिले जायचे आणि पगाराच्या दिवशी वसूल व्हायचे. फुकट काहीच नव्हते. पण बाईंनी विचारले, "पाहुणे कुठले?" अब्बांनी नाव सांगितले, गाव सांगितले. नाव ऐकून बाईंनी ताट वेगळे ठेवले की कसे, ते अब्बांनी कधी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. दुसऱ्यांदा वाढलेला भात मात्र वहीत लिहिला नाही, एवढे ते पुष्कळदा सांगायचे. त्या बाई यजमान होत्या. मोजायचे काय आणि सोडून द्यायचे काय, हे त्यांच्या हातात होते.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. ती वही पुढे कुठे गेली कुणास ठाऊक. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे, आणि शांग्री-ला या नावाने 2012 मध्ये उघडलेले, 2015 पासून सेंट रेजिस म्हणून चालणारे उंच हॉटेल आहे. आम्ही गेलो होतो ते हॉटेल कोणते, हे सांगायचे कारण नाही. या भागात आता अशी बरीच आहेत.

तासाभराने दोघे खाली आले. भाच्याचा चेहरा उतरला होता. बायको हात-पाय धुवायला गेली तेवढ्यात मी त्याला विचारले, "त्या डिसेंबरच्या दोन रात्री. कंपनीला सांगितलं होतंस?"

"बिल पास झालं ना, मामू."

बिल पास होणे म्हणजे काय हे मला माहीत आहे. चौतीस वर्षे मीच ती पास केली. मी म्हणालो, "मी ते नाही विचारलं." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "या वर्षी अजून सहा रात्री कमी आहेत. बघू." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात शाबासकीचा होता की समजुतीचा, हे त्यालाही कळले नसेल. मलाही नीट कळले नाही.

टॅक्सी लालबागच्या पुलावर आली तेव्हा बायकोने पर्समधून कागदी रुमालाची घडी काढली. आत अंगठ्याएवढे दोन केक होते. "तुमच्यासाठी आणलेत. त्या मुलीने बघितलं, पण काही बोलली नाही."

एक मी खाल्ला. दुसरा भाच्याच्या मुलीसाठी ठेवू या, असे ती म्हणाली. पण तो पुण्याला परतणार होता चार दिवसांनी, तोवर टिकला नसता. भायखळा येईपर्यंत आम्ही तोही अर्धा अर्धा खाऊन टाकला.