नाइलाज कुठे संपतो?



17 फेब्रुवारी 2016 रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मेक्सिकोच्या उत्तर सीमेवरील हुआरेझ शहरात मिस्साबलिदान अर्पण केले. वेदीपासून जवळच रिओ ग्रांदे नदी आणि नदीपलीकडे अमेरिकेचे एल पासो शहर. उपवासकाळाचा पहिला आठवडा होता. त्या दिवसाचे वाचन योना संदेष्ट्याच्या पुस्तकातले, निनवेच्या पश्चात्तापाचे होते. प्रवचनात पोप महोदयांनी देवाकडे अश्रूंचे दान मागायला सांगितले.

हुआरेझला अश्रूंची वाण कधीच नव्हती. 1965 नंतर या शहरात अमेरिकेसाठी माल जुळवणारे कारखाने उभे राहिले. गावोगावच्या गरीब मुली कामासाठी येऊ लागल्या. 1993 पासून तेथे मुली बेपत्ता होऊ लागल्या आणि त्यांचे मृतदेह सापडू लागले. ही संख्या काहीशेंवर गेली. त्यांच्या आठवणीसाठी शहरात गुलाबी क्रूस रंगवले गेले. पुढे अमली पदार्थांच्या दोन टोळ्यांत युद्ध पेटले आणि 2010 या एका वर्षात शहरात तीन हजारांहून अधिक खून झाले. त्याच काळात नदीपलीकडचे एल पासो मात्र अमेरिकेतील सर्वांत सुरक्षित मोठ्या शहरांत गणले जात होते. तेथेही बहुसंख्य लोक मेक्सिकन वंशाचेच. तेव्हा दोष रक्ताचा नव्हे.

त्या भागातल्या टोळ्यांची एक म्हण आहे : चांदी की शिसे? म्हणजे पैसे घे, नाही तर गोळी खा. जानेवारी 2008 मध्ये हुआरेझमधील शहीद पोलिसांच्या स्मारकावर जिवंत पोलिसांच्या नावांची यादी कुणीतरी लावून गेले. पुढचे बळी कोण, हे त्यातून सांगितले होते. पुढच्या वर्षी, 2009 च्या फेब्रुवारीत, पोलीस प्रमुखाने पद सोडले नाही तर दर 48 तासांनी एक पोलीस मारू, अशी धमकी आली. त्याने राजीनामा दिला.

अशा शहरात लाच घेणारा शिपाई पापी ठरतो का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण आमच्या वाचनात आले होते. वादळात जहाज बुडू नये म्हणून व्यापारी आपला माल समुद्रात फेकतो. त्याने तो स्वखुशीने फेकला की नाइलाजाने? संत थॉमस अक्वायनस यांनीही या प्रश्नाचा विचार केला. त्यांचे उत्तर थोडक्यात असे : एरवी त्याने माल फेकला नसता, पण त्या क्षणी निर्णय त्याचाच होता. भीतीने दोष हलका होतो, पण निर्णय आपला उरतोच. ख्रिस्तसभेची शिकवणही भीतीचा विचार करूनच माणसाचा दोष तोलायला सांगते. म्हणून हुआरेझच्या त्या शिपायाचा न्याय इथे बसून करायला मी धजणार नाही. बंदूक दुसऱ्याच्या छातीवर असताना शौर्याचे प्रवचन देणे फार सोपे असते.

पण त्या जहाजाचा विचार जरा पुढे नेऊ या. वादळात माल फेकता येतो, सहप्रवासी फेकता येत नाही. सप्टेंबर 2010 मध्ये हुआरेझच्या 'एल दिआरिओ' या वृत्तपत्राचा तरुण छायाचित्रकार मारला गेला. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक वार्ताहरही असाच गेला होता. संपादकांनी पहिल्या पानावर टोळ्यांनाच जाहीरपणे विचारले, तुम्हाला आमच्याकडून हवे तरी काय? शहरात खरी सत्ता तुमचीच आहे, हेही लिहिले. अनेकांना ही शरणागती वाटली. मला वाटते, त्यांनी माल फेकला. पण आपण फेकतो आहोत हे लपवले नाही. त्यांचे भय खोटे बोलले नाही.

याच्या उलट बाजू पाहा. नोव्हेंबर 2001 मध्ये शहरातील कापसाच्या एका शेतात आठ तरुण मुलींचे मृतदेह सापडले. त्यांतील तिघींच्या प्रकरणात 2009 मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने मेक्सिकोला दोषी धरले. मुली बेपत्ता झाल्याची तक्रार घेऊन घरचे लोक गेले, तेव्हा अधिकाऱ्यांनी तातडीने शोध घेतला नव्हता. उलट मुलींच्याच वागण्यावर बोट ठेवले होते. ज्या टेबलाशी ती आई उभी होती, त्या टेबलावर कुणाची बंदूक होती? चांदीही नव्हती. गरिबाच्या मुलीसाठी कशाला धावपळ करायची, एवढीच ती वृत्ती होती.

मला वाटते, शहराचा ऱ्हास तिथून सुरू होतो. गोळीची भीती नंतर येते. आधी येते ती बेपर्वाई, जिला कोणी भाग पाडलेले नसते. जिथे एका मुलीचा जीव मोजला जात नाही, तिथे पुढे कुणाचाच मोजला जात नाही.

जानेवारी 2010 च्या अखेरीस तेथील एका वाढदिवसाच्या पार्टीत 15 जणांना गोळ्या घातल्या गेल्या. बहुतेक शाळा-कॉलेजची मुले होती. राष्ट्राध्यक्षांनी प्रथम तो टोळ्यांमधला हिशेब असल्याचे सुचवले. पुढे ते शहरात आले, तेव्हा आपली दोन मुले गमावलेल्या एका आईने भर सभेत उभे राहून, तुमचे येथे स्वागत नाही, असे त्यांना तोंडावर सांगितले. ती कारखान्यात काम करणारी साधी बाई होती. तिच्याजवळ सत्ता नव्हती, संरक्षण नव्हते. आपल्या मुलांवरचा डाग तेवढा तिने राहू दिला नाही.

बंधुभगिनींनो, 'फादर, माझा नाइलाज होता' हे वाक्य आपल्या सर्वांच्या ओठांवर असते, माझ्याही. या आठवड्यात सदसद्विवेकबुद्धी तपासताना या वाक्याशी थोडे थांबू या. माझ्या छातीवर खरोखर शिसे होते, की समोर फक्त चांदी होती? की दोन्ही नसताना, केवळ कंटाळ्याने मी एखाद्याला दारातून परत पाठवले?

पहिल्याला प्रभूची करुणा आहेच. उरलेल्या दोघांनाही आहे, पण त्यांनी निनवेच्या राजाप्रमाणे आधी सिंहासनावरून खाली उतरायला हवे.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू